चिवड्याच्या पाकिटावर काय लिहायचं? नव्या केटररसाठी लेबलचे नियम, पायरी-पायरीने

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होत्या आणि एका बाईंचा फोन आला. "ताई, तुमच्या पातळ पोह्यांच्या चिवड्यात गहू आहे का हो? मुलाला चालत नाही." मी लगेच म्हणाले, "छे, पोह्यांच्या चिवड्यात गहू कुठून येणार?" त्यांनी अर्धा किलो नेला. चार दिवसांनी पुन्हा फोन आला. मुलाला सिलिॲक (ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं एक प्रथिन, न चालण्याचा आजार) होता, गहू पूर्ण वर्ज्य, आणि त्याला दोन दिवस पोटाचा भयंकर त्रास झाला होता. बाई रागावल्या नव्हत्या, त्यांनी फक्त विचारलं, "हिंग कोणता वापरता?" मी डबी उलटून पाहिली. बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलं होतं. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधानी असतो, म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ एकत्र केलेला. ते पीठ बरेचदा गव्हाचं किंवा मैदा असतो. इतकी वर्षं मी ती डबी रोज हातात घेत होते आणि एकदाही वाचली नव्हती.

त्यानंतर मी लेबलचे नियम मुळापासून वाचले. आता ओळखीतल्या, बचत गटातल्या बायका नव्याने व्यवसाय सुरू करताना विचारतात, म्हणून ज्या क्रमाने काम करावं लागतं त्याच क्रमाने सगळं लिहिते आहे. मुख्य कायदा म्हणजे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. लेबलसाठी त्याखालचे २०२० चे लेबलिंग आणि डिस्प्लेचे नियम लागतात. वजन-किमतीसाठी वैधमापनाचे पॅकबंद वस्तूंचे नियम, २०११ वेगळे आहेत. ही दोन वेगळी खाती आहेत. एकाचं पूर्ण केलं म्हणजे दुसऱ्याचं झालं असं होत नाही.

पहिली पायरी: तुमचं अन्न "पॅकबंद" आहे का ते ठरवा

ग्राहकाच्या पाठीमागे भरून बंद केलेलं, उघडल्याशिवाय किंवा छेडछाड केल्याशिवाय आतला माल बदलता येणार नाही असं, विक्रीला तयार पाकीट म्हणजे पॅकबंद अन्न. फराळाची पाकिटं, चटण्या-लोणच्यांच्या बरण्या, सीलबंद लाडवांचे डबे सगळे यात येतात आणि त्यांना पूर्ण लेबल लागतं. लग्नात पंगतीला किंवा बुफेला वाढलेली भाजी यात येत नाही. तिच्यासाठी काय करायचं ते पुढे सांगते.

मधली गोष्ट अडचणीची असते. ऑफिसच्या मीटिंगसाठी सकाळी दहाला बंद केलेले चाळीस डबे दुपारी एकला उघडले जातात. रेस्टॉरंट किंवा हॉटेलने भरून दिलेल्या तयार खाण्याच्या पाकिटांना वैधमापनाच्या नियमांतून सूट आहे, म्हणून बरेचजण डबा कोराच पाठवतात. मी तसं करत नाही. प्रत्येक डब्यावर छोटी चिठ्ठी लावते: पदार्थांची नावं, शाकाहारी की मांसाहारी, ॲलर्जीची ओळ, बनवल्याची वेळ, "दुपारी २ पर्यंत खा" आणि आमचा नोंदणी क्रमांक. डबा उघडणारा माणूस तुमच्या स्वयंपाकघरापासून दहा किलोमीटर लांब असतो. त्याला विचारायला तिथे कोणी नसतं.

दुसरी पायरी: नोंदणी की परवाना

क्रमांक हातात नसेल तर लेबल छापायला देऊ नका. एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांक लेबलवर त्यांच्या लोगोसह लागतो. अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर होतो. महाराष्ट्रात तपासणीचं काम अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी करतात, गोव्यात तिथलं अन्न व औषध प्रशासन संचालनालय.

इथे एक बारकावा बरेचजणांच्या नजरेतून सुटतो. २०११ च्या परवाना नियमांत छोट्या अन्न व्यवसायांना साधी नोंदणी पुरते, आणि त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये ठेवली होती. अशा मर्यादा बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडा बघा. पण त्याच व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांचा उल्लेख करताना "केटरर वगळून" असे स्पष्ट शब्द आहेत. म्हणून मुंजीच्या, बारशाच्या ऑर्डरी घेणार असाल तर अर्जात व्यवसायाचा प्रकार खरा निवडा. घरगुती डबे देणं आणि केटरिंग करणं हे पोर्टलवर वेगळे प्रकार आहेत. फी कमी पडते म्हणून चुकीचा प्रकार निवडला तर पुढे तपासणीत तीच पहिली गोष्ट निघते.

हा क्रमांक बिलावरही लागतो, १ जानेवारी २०२२ पासून. बिलबुक छापताना तो आठवणीने टाका.

तिसरी पायरी: घटकांची यादी, आणि ती वजनकाट्यावरूनच

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नियम साधा आहे. घटक बनवताना घातलेल्या वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, सगळ्यात जास्त असेल तो पहिला. चूक कुठे होते? आपण यादी मनातून लिहितो, आणि मनात काजू-मनुका पहिले येतात.

माझ्या चिवड्याचा एक घाणा असा असतो: पातळ पोहे २ किलो, शेंगदाणे ५०० ग्रॅम, डाळं ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३५० ग्रॅम, सुकं खोबरं २५० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, हिरव्या मिरच्या ७० ग्रॅम, मीठ ४० ग्रॅम, कढीपत्ता ३० ग्रॅम, मग हळद, जिरं, मोहरी, हिंग. लेबलवर हाच क्रम. काजूचं चित्र पाकिटावर कितीही मोठं काढलं तरी यादीत ते सहाव्या जागी.

तेलाचं वजन कसं काढायचं, असं हमखास विचारतात. तळायच्या आधी कढई तेलासकट काट्यावर ठेवा, तळून झाल्यावर आणि थंड झाल्यावर पुन्हा ठेवा. जो फरक येतो तो ढोबळमानाने पदार्थात गेला. पाच घाण्यांची सरासरी घ्या. चकलीच्या बाबतीत हा आकडा पाहून मी स्वतः थक्क झाले होते.

तेलाचं नाव पूर्ण लिहायचं. नुसतं "खाद्यतेल" चालत नाही. शेंगदाणा तेल, पाम तेल, सूर्यफूल तेल, जे असेल ते. मसाल्यांना मात्र "मसाले" असा एकत्र शब्द नियमाने चालतो, म्हणजे तुमच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण कोणाला सांगावं लागत नाही. आटून गेलेलं पाणी लिहायची गरज नाही, पदार्थात उरणारं पाणी लिहायचं.

बाहेरून आणलेला तयार मसाला, सॉस, चॉकलेट हे स्वतःच अनेक घटकांचे बनलेले असतात. असा घटक पदार्थात ५ टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक लिहिणं बंधनकारक नाही, त्यातली ॲडिटिव्ह (रंग, प्रिझर्व्हेटिव्ह वगैरे) मात्र लिहायची. याच सवलतीत हिंग बसतो. आणि याच कारणाने पुढची पायरी वेगळी ठेवली आहे.

चौथी पायरी: ॲलर्जीची ओळ

घटकांच्या यादीनंतर स्वतंत्र ओळ हवी: "यात … आहे". भारतीय नियमांत जाहीर करायचे पदार्थ असे आहेत: ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, राय, सातू-जव, ओट, स्पेल्ट), कवचधारी जलचर (कोळंबी, खेकडे वगैरे), दूध आणि दुधाचे पदार्थ, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखी कवचाची फळं, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट (टिकवण्यासाठी वापरतात ते रसायन).

ही यादी घेऊन स्वतःच्या ओट्यापाशी उभ्या राहा आणि एकेक डबा उलटून वाचा. रवा म्हणजे गहू, हे लाडू वळताना कोणाच्या डोक्यात नसतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. जवळ्याची चटणी, कोळंबीचं लोणचं कवचधारीमध्ये. मालवणी, गोवन जेवण देणाऱ्यांनी हे मासे या शब्दात गुंडाळू नये, कारण मासे चालणाऱ्या काही लोकांना कोळंबी चालत नाही. जर्दाळू आणि पिवळ्याधमक मनुकांवर बरेचदा सल्फाइटची प्रक्रिया असते. पाकिटावर बघा. हिंगाचं सांगितलंच. मी आता तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणते आणि तो ज्या पदार्थात जातो त्यांची यादी भिंतीवर लावली आहे.

तीळ या भारतीय यादीत नाहीत. पण तिळाची ॲलर्जी असणारी माणसं आहेत आणि आपल्या गोड्या मसाल्यापासून संक्रांतीच्या वड्यांपर्यंत तीळ सगळीकडे असतात. मी तीळ "मसाले" या शब्दात लपवत नाही, वेगळे लिहिते.

एकाच कढईत, एकाच परातीत सगळं होत असेल तर "यात … असू शकतं" ही दुसरी ओळ टाका. पण ती ढाल म्हणून वापरू नका. सगळ्या पाकिटांवर सगळ्या ॲलर्जी छापून मोकळं झालं, तर ज्याला खरंच जपायचं आहे त्याला काहीच कळत नाही. शेंगदाणे खरंच वेगळ्या दिवशी, वेगळ्या परातीत भाजत असाल तर ते लिहू नका. भाजत नसाल तर लिहा.

पाचवी पायरी: हिरवा ठिपका, तपकिरी त्रिकोण

शाकाहारीसाठी हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल. मांसाहारीसाठी आता तपकिरी चौकटीत भरीव तपकिरी त्रिकोण आहे. जुना तपकिरी गोल २०२० च्या नियमांनी गेला, पण छपाईवाल्यांच्या संगणकात तो अजून असतो, तेव्हा प्रूफ नीट बघा. पुढच्या दर्शनी भागाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर हिरव्या गोलाचा व्यास किमान ३ मिलिमीटर, १०० ते ५०० असेल तर ४ मिलिमीटर, आणि चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. खूण पुढच्या बाजूला, पदार्थाच्या नावाजवळ ठेवा.

अंडं मांसाहारीत. दूध आणि मध नाही. केटरिंगमध्ये फसगत होते ती जिलेटिन घातलेल्या पुडिंगमध्ये आणि थाई करी पेस्टमध्ये, जिच्यात अनेकदा कोळंबीचा अर्क असतो. भाज्यांची थाई करी म्हणून हिरवा ठिपका लावून पाठवली आणि पेस्टची बाटली वाचलीच नाही, असं होता कामा नये. एखाद्याच्या आयुष्यभराच्या व्रताचा प्रश्न असतो तो.

सहावी पायरी: तारखा आणि बॅच

बनवल्याची किंवा भरल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, दोन्ही हव्यात. "बेस्ट बिफोर" वरून जादा लिहिता येतं, पण तेवढंच पुरत नाही. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या पदार्थावर दिवस, महिना, वर्ष तिन्ही लिहा. सात दिवसांपर्यंतच टिकणाऱ्या पदार्थावर, उदाहरणार्थ पुरणपोळी, बनवल्याची तारीख नसली तरी चालते, कधीपर्यंत वापरायचं ते मात्र हवंच. पाकीट न करता काचेच्या कपाटात सुटी मिठाई ठेवत असाल तर ट्रेवर "या तारखेपर्यंत उत्तम" लावायचं, असा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून आहे.

टिकण्याचे दिवस शेजारणीच्या पाकिटावरून उतरवू नका. तिचं तेल वेगळं, पाकीट वेगळं, गाव वेगळं. रत्नागिरीच्या पावसाळ्यातली चकली आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातली चकली सारखी टिकत नाही. प्रत्येक घाण्यातली चार-पाच पाकिटं बाजूला काढून कपाटात ठेवा आणि दर आठवड्याला एक उघडा. वास, कुरकुरीतपणा, खवटपणा वहीत लिहा. खवट वास येण्याच्या बराच आधीचा दिवस धरा. दुकानांत माल ठेवणार असाल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

बॅच क्रमांकाला मोठी यंत्रणा लागत नाही. तारीख आणि घाण्याचा क्रमांक एवढं पुरे: १४१०-३ म्हणजे चौदा ऑक्टोबरचा तिसरा घाणा. वहीत त्यापुढे तेलाचा डबा, पोह्यांचं पोतं कुठलं ते लिहा. तक्रार आली की सगळा माल परत मागवावा लागत नाही, फक्त तो घाणा.

सातवी पायरी: वजन, किंमत, पत्ता

निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. आता एककाची किंमतही लागते. एक किलोहून कमी वजनाला दर ग्रॅमला, जास्त असेल तर दर किलोला. २५० ग्रॅम चिवडा १२० रुपयांना असेल तर ०.४८ रुपये प्रति ग्रॅम. वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत करायची असते, आणि काट्यावर त्यांचा शिक्का हवा. रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करायला विसरू नका.

मिठाईवाल्याला दहा किलोचं पोतं देत असाल, तर त्यावर "किरकोळ विक्रीसाठी नाही" अशा अर्थाची नोंद, पदार्थाचं नाव, वजन, तुमचं नाव-पत्ता, लोगोसह क्रमांक, बॅच आणि तारखा पुरतात. बाकी माहिती सोबतच्या कागदावर द्या.

आठवी पायरी: पोषणाचा तक्ता

याची भीती उगाच वाटते. १०० ग्रॅममागे लिहायचं: ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, एकूण स्निग्ध, संपृक्त स्निग्ध, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम. शिवाय एका वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही. त्यासाठी दिवसाचे आकडे ठरलेले आहेत: २००० किलोकॅलरी, एकूण स्निग्ध ६७ ग्रॅम, संपृक्त २२ ग्रॅम, ट्रान्स २ ग्रॅम, घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम.

सोडियमचं एक गणित करून दाखवते. माझ्या घाण्यात जवळपास चार किलो चिवड्याला ४० ग्रॅम मीठ, म्हणजे किलोला १० ग्रॅम. मिठात साधारण ३९ टक्के सोडियम असतं, म्हणून किलोला ३९०० मिलिग्रॅम, १०० ग्रॅमला ३९०. तीस ग्रॅमच्या वाढणीत ११७ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या सुमारे ६ टक्के. बाकी घटकांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत मिळतात. मुलांना किंवा सुनेला एक्सेलमध्ये बसवून द्यायला सांगा. एकदा केलं की पाककृती बदलेपर्यंत चालतं.

पाकीट फार लहान असेल, पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत, तर घटकांची यादी, बॅच, पोषण हे त्यावर न छापता बाहेरच्या मोठ्या पाकिटावर देता येतं. दहा-दहाच्या पुड्यांचा खोका विकणाऱ्यांना हे उपयोगी पडतं.

नववी पायरी: भाषा आणि दावे

मराठी माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, मलाही वाटलं, पण नियम असा आहे: बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा. मराठी त्याच्या जोडीला लिहिता येते, एकटी पुरत नाही. आपली लिपी तीच असल्याने गल्लत होते. "साखर, मीठ, शेंगदाणे, डाळं" हे देवनागरी असलं तरी हिंदी नाही. तिथे "चीनी, नमक, मूंगफली, भुना चना" लागेल. मी एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी छापते. माझ्या गावातल्या आजींना वाचता आलं पाहिजे ना. दोन्हीकडे मजकूर मात्र एकच असावा, कमी-जास्त नको.

२०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत "घरगुती", "घरी शिजवलेलं" असे शब्द ग्राहकाचा गैरसमज होईल अशा रीतीने वापरायला मनाई आहे. भाड्याच्या गाळ्यात दहा माणसं लावून केलेल्या मालावर "आईच्या हातचं, घरगुती" छापू नका. "शुद्ध", "नैसर्गिक", "पारंपरिक" यांनाही अटी आहेत. "मधुमेहींसाठी उत्तम" वगैरे तर हातच लावू नका. कलम ५२ नुसार चुकीच्या लेबलला तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत.

बुफेच्या टेबलावर

मेन्यूत कॅलरी लिहिण्याचं बंधन केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना आहे. समारंभापुरतं काम करणाऱ्या केटररना त्यातून सूट आहे. तरीही प्रत्येक भांड्यापुढे उभं कार्ड ठेवा: नाव, ठिपका किंवा त्रिकोण, आणि दूध, काजू, शेंगदाणा, गहू यांपैकी काय आहे ते. मखनी ग्रेव्हीत काजूची पेस्ट असते हे वाढणाऱ्या मुलाला माहीत नसतं. पाहुण्याने विचारलं की तो "काही नाही साहेब" म्हणून मोकळा होतो. म्हणून कार्डं लावण्याआधी वाढप्यांना पाच मिनिटं उभं करून मी प्रत्येक भांड्यात काय आहे ते सांगते, आणि "माहीत नसेल तर मला हाक मार, अंदाज सांगू नको" हे बजावते.

छापायला देण्याआधी एक करा. लेबलचं प्रूफ घेऊन स्वयंपाकघरात या, ज्या डब्यांतून माल काढला ते सगळे ओळीने मांडा आणि दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. आमच्याकडे हे काम माझी मदतनीस करते. मागच्या वर्षी चकलीच्या प्रूफवर तिने मला थांबवलं, कारण दुकानदाराने नेहमीच्या हिंगाऐवजी दुसरा दिला होता आणि त्या डबीवर मैदा होता. आम्ही डबी परत केली.